घरचे ग्लुकोमीटर आणि घरची वही



 मधुमेह हा विषय आता कोणालाच परका राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे 10 कोटी 10 लाख मधुमेही आहेत. शहापूर, खासबाग, वडगाव या आपल्या विणकर वस्त्यांतही औषधाच्या डब्याशेजारी साखर मोजण्याचे यंत्र दिसू लागले आहे. परंतु तापमापकाने ताप उतरत नाही, तसे ग्लुकोमीटरने साखर उतरत नाही. आकडा पाहून आपण काय करतो, यावर सारे अवलंबून आहे.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना जुनी पद्धत आठवत असेल. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून परीक्षानळी उकळायची. रंग निळा राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा, विटकरी झाला की काळजी. या पद्धतीत एक मोठी उणीव होती. रक्तातील साखर साधारण 180 च्या वर गेल्याखेरीज ती लघवीत उतरत नाही. आणि साखर धोक्याइतकी कमी झाली, तर हे द्रावण काहीच सांगत नाही.

1970 च्या सुमारास अमेरिकेत रक्ताच्या थेंबावर चालणारे मापक निघाले. ते जड होते, महाग होते आणि डॉक्टरांसाठीच विकले जाई. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या एका इंजिनियरास लहानपणापासून मधुमेह होता. त्यांच्या पत्नी डॉक्टर होत्या. त्यांच्या नावावर त्यांनी ते यंत्र मिळविले. दिवसातून अनेक वेळा साखर मोजून, आकडे मांडून, त्यांनी आपला आहार व इन्सुलिन यांचा मेळ बसविला आणि पुढे स्वतः डॉक्टर झाले. रोग्याने घरी साखर मोजावी, या विचाराला त्यांच्यासारख्यांमुळे बळ आले. यंत्र त्या वेळी इस्पितळांतही होते. बर्नस्टीन यांनी त्याला नोंदीची जोड दिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता निवडीविषयी. दुकानात आपण यंत्राची किंमत विचारतो. वास्तविक विचारावयाची ती पट्टीची किंमत. यंत्र एकदाच घ्यावयाचे. पट्टी दर वेळी नवी लागते. समजा, एक पट्टी 20 रुपयांना पडते आणि आठवड्यास चार वेळा तपासणी करावयाची आहे, तर वर्षाला 4,000 रुपयांच्या वर खर्च होतो. तेव्हा पट्टी आपल्या नेहमीच्या औषधाच्या दुकानात बारमाही मिळते का, हे आधी पाहावे. परदेशातून मुलाने प्रेमाने पाठविलेले यंत्र पट्टीअभावी कपाटात पडून राहते. शिवाय विलायतेतील यंत्राचे परिमाण निराळे असते. त्यावर 6 आकडा आला म्हणजे आपल्याकडील 108. त्यास 18 ने गुणावयाचे. हे ठाऊक नसेल, तर घरात नसती घबराट होते.

आकडे मोठे व ठळक दिसावेत, रक्ताचा थेंब लहान पुरावा आणि मागील आकडे तारखेसह साठून राहावेत, एवढे पुरे. 2013 च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे, साखर 100 किंवा अधिक असता, शंभरांतील 95 मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्के आत असाव्या लागतात. म्हणजे प्रयोगशाळेत 200 असता यंत्राने 180 किंवा 220 दाखविले, तर यंत्र बिघडले असे समजू नये. याच कारणास्तव, मधुमेह आहे की नाही याचा निर्णय घरच्या यंत्रावर करू नये. तो प्रयोगशाळेतच व्हावा.

वापरताना पहिला नियम हात धुण्याचा. कुंदा खाल्लेल्या किंवा आंबा चिरलेल्या बोटावर साखर चिकटलेली असते आणि यंत्र तीच मोजते. साबणाने हात धुवावेत व पुरते कोरडे करावेत. सुई बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचावी. मागावर धागा धरणाऱ्याला आणि निपाणीकडे विडी वळणाऱ्या भगिनींना बोटाचे टोक दुखून चालत नाही. बोट फार पिळू नये. पट्ट्यांची डबी घट्ट मिटावी. बेळगावच्या पावसाळ्यातील दमट हवा पट्टीतील रसायन बिघडविते. डबीवरील मुदत पाहावी. अंगात रक्त कमी असेल, तर यंत्र साखर खऱ्याहून जास्त दाखवू शकते. आपल्याकडे पुष्कळ स्त्रियांना पंडुरोग असतो, म्हणून ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. एकाची सुई दुसऱ्याने कदापि वापरू नये, मग ते नवराबायको का असेनात. रक्तातून पसरणारी कावीळ अशाच मार्गाने जाते. टोचणीची पेनही ज्याची त्याने निराळी ठेवावी. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड डब्यात जमवाव्यात. केरात टाकल्यास सफाई कामगाराच्या हाताला लागतात.

किती वेळा मोजावे? इन्सुलिन घेणाऱ्यास रोज, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा. केवळ पथ्यावर किंवा मेटफॉर्मिनसारख्या गोळीवर असून ज्यांची साखर स्थिर आहे, त्यांनी रोज बोट टोचण्याची गरज बहुधा नसते. त्यांनी जोडीने मोजावे: जेवणापूर्वी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. एके दिवशी पोहे, दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकरी, तिसऱ्या दिवशी भात, असे करून पाहिल्यास कोणते अन्न आपल्याला मानवते, ते वही सांगू लागते. सर्वसाधारणपणे उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत, असे मोठ्या माणसाचे लक्ष्य धरतात. वृद्धांसाठी डॉक्टर ते सैल करतात.

वाढलेली साखर हळूहळू नासाडी करते. उतरलेली साखर घटकेत घात करते. 70 च्या खाली आकडा म्हणजे धोका. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांनी संकष्टी-एकादशीला नेहमीची गोळी घेऊन उपाशी राहिल्यास सकाळी साखर कोसळू शकते. आणि संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीवर तीच वर उसळी घेते. उपवासापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे दिसताच साखर मोजावी. मोजण्यास वेळ नसेल, तर न मोजताही तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे, आकडा वर आला नसल्यास पुन्हा द्यावी आणि मग काहीतरी खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट इस्पितळ गाठावे.

घरातील मंडळींनाही आमची एक विनंती आहे. आकडा वाढलेला दिसताच आजोबांवर रागावू नका. रागावले की माणूस मोजणे सोडतो, किंवा वहीत खोटा आकडा लिहितो. सुनेची, आईची तपासणी सर्वांत शेवटी ठेवण्याची रीतही आता मोडली पाहिजे. पट्टीचा खर्च नको म्हणून ती माउली स्वतःची साखर मोजत नाही आणि घरभरच्यांची मात्र मोजते.

शेवटी विश्वस्तांपुढे एक सूचना ठेवतो. संस्थेने यंत्रे वाटण्याआधी वह्या वाटाव्यात. पानावर पाच रकाने पुरेत: तारीख, वेळ, काय खाल्ले, औषध, आकडा. मराठीत छापाव्यात, शेजाऱ्यांसाठी कन्नडमध्येही. डॉक्टर पाच मिनिटांत रोगी पाहतो. भरलेली वही समोर आली, तर त्या पाच मिनिटांत तो मागचा महिनाभर पाहू शकतो. वह्या छापल्या गेल्यास त्या कशा भराव्यात, हे शिकविण्यास आम्ही आनंदाने येऊ.