थरथरणारी नळी आणि बुजलेली धमनी

श्रोतेहो, ओहोटी लागली की मालवणच्या खडकांवर कालवे काढायला बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. हत्याराचा घाव कठीण शिंपल्यावर बसतो. शिंपला फुटतो, आतले मऊ मांस मात्र शाबूत राहते. आज ज्या उपचाराविषयी बोलायचे आहे, त्याचे मर्म यातच आहे.

पायांना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत वर्षानुवर्षे चरबी साचते, तिच्यात चुना मुरतो आणि एखादी धमनी पुरती बुजते. मग माणूस म्हणतो, "चार पावलां चललंय काय पोटरेत गोळो येता." थांबला की कळ जाते, चालू लागला की परत येते. घरची मंडळी म्हणतात, वात आहे, तेल चोळा. पण तेल कातडीवर राहते हो, धमनीपर्यंत ते कसे पोचणार? पुढे अंगठ्याची साधी जखम भरत नाही, काळी पडते आणि पाय कापायची पाळी येते. विडी आणि मधुमेह एकत्र आले तर ही वाट फार लवकर सरते.

1977 साली झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाची अरुंद झालेली धमनी आत फुगा फुगवून रुंद केली. पायाच्या धमनीतही फुगा चालतो. पण आधी बारीक तार अडथळ्यापार गेली पाहिजे. अडथळा जांभ्यासारखा कठीण असला की तार वाकते, मागे फिरते. अशा जागी थरथरणारी नळी, म्हणजे कॅथेटर, कामी येते. तिचे धातूचे टोक सेकंदाला सुमारे 20,000 वेळा पुढेमागे होते, आणि तेही केसाच्या जाडीहून कमी अंतरात! धमनीची लवचिक भिंत त्या हेलकाव्याबरोबर डुलते. चुन्याच्या खड्याला डुलता येत नाही, म्हणून तो भंगतो. टोक तापू नये म्हणून मिठाचे पाणी सतत सोडतात. वाट झाली की मग तार, मग फुगा.

मुतखडा आघातलहरींनी फोडण्याची युक्ती 1980 मध्ये म्युनिकला रुग्णावर प्रथम वापरली गेली. तिचेच धाकटे भावंड आता फुग्यात बसवले आहे. हृदयाच्या धमन्यांसाठी त्याला अमेरिकेत 2021 साली परवानगी मिळाली.

ही जादू नव्हे. भिंतीला भोक पडण्याचा धोका असतो, खर्चही मोठा. शिवाय छातीत एकाएकी कळ येते ती बहुधा ताज्या गुठळीने. तिथे या नळीची वाट पाहू नये, 108 ला फोन करावा.

शिक्षकबंधुभगिनींनो, शाळेत मनगटाची नाडी आपण शिकवतोच. पायालाही नाडी आहे : एक पावलाच्या वरच्या बाजूस, दुसरी आतल्या घोट्यामागे. काही धडधाकट माणसांत पहिली लागत नाही, म्हणून दोन्ही पाहाव्यात. मुलांनी घरी आजोबांची पाहावी. एकीकडे लागते आणि दुसरीकडे मुळीच नाही, शिवाय चालताना पोटरी धरते, असे असेल तर तेलाची बाटली बाजूला ठेवून आजोबांना डॉक्टरांकडे न्यावे, जखम होण्याआधीच.