हाँगकाँगला पहिल्यांदा जाताना

(गणेशोत्सवातील 'सभासदांचे अनुभव' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कॉलनीतली तीन कुटुंबं दिवाळीच्या सुटीत हाँगकाँगला निघाली आहेत. एका घरचे वडील गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढ्या लांब जाणार आहेत. परदेशवारीचा खर्च आपल्यासारख्यांच्या घरी वारंवार होत नाही. मी दोनदा जाऊन आलो आहे, म्हणून चिटणीसांनी मला उभं केलं.

आधी कागद. आपण सरकारी नोकर, तेव्हा तिकीट काढण्याआधी खात्याची परवानगी. मग हाँगकाँगची पूर्वनोंदणी. भारतीय पासपोर्टवर तिथे चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण २०१७पासून ही नोंदणी सक्तीची आहे. ती तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर फुकट होते. एजंट पैसे मागतो ते नुसत्या टायपिंगचे. प्रत्येकाची वेगळी, अगदी मुलांचीसुद्धा. इथेच आपल्या लोकांची अडचण होते. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, वडिलांचं नाव दुसऱ्यात, आणि आपण सवयीनं सगळं एका ओळीत लिहितो. पासपोर्टवर जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर भरा. मंजुरीची चिठ्ठी कोऱ्या कागदावर छापून सही करून जवळ ठेवा. आणि नोंदणी मंजूर झाल्याशिवाय विमानाचे पैसे भरू नका, कारण ती नामंजूर झाली तर रीतसर व्हिसा काढावा लागतो आणि त्याला वेळ जातो.

अजून एक. हाँगकाँग १९९७ साली चीनकडे गेलं खरं, पण तिथला प्रवेश म्हणजे चीनचा प्रवेश नव्हे. शेजारी शेनझेन दिसतं म्हणून कोणी उठून जाऊ नये, त्याला चीनचा व्हिसा वेगळा लागतो.

राहायला कौलून बाजू बरी. खोल्या लहान असतात, दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा नाही, तेव्हा सामान बेतानं न्या. विमानतळापासून एअरपोर्ट एक्स्प्रेस चोवीस मिनिटांत शहरात आणते, पण चार माणसांना ए-२१ नंबरची बस पुष्कळ स्वस्त पडते आणि नेथन रोडवर सोडते. उतरल्याबरोबर ऑक्टोपस कार्ड घ्या. ट्राम, बस, लाँच, मेट्रो, सगळीकडे तेच चालतं.

पॅकेज टूर घ्यावी का, असं मला विचारलं गेलं. माझं मत, घेऊ नये. वडीलधारी माणसं बरोबर असली तर मुळीच नको. टूरवाला दिवसाला पाच ठिकाणं दाखवतो आणि त्यातली दोन दुकानं असतात.

पहिल्या दिवशी फक्त स्टार फेरी करा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचनं गेलेल्यांना ती आपलीच वाटेल. १८८८ साली ही सेवा सुरू केली ती दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थानं. लाँच वळत नाही, दोन्ही टोकांनी चालते, आणि बाकाची पाठ उलटवून आपण तोंड पुढे करून बसायचं. दहा मिनिटांच्या आत पलीकडे, आणि भाडं अगदी किरकोळ. बंदराचं असं दर्शन महागड्या क्रूझवरूनही होत नाही.

कौलूनच्या धक्क्याजवळ जुना घड्याळाचा मनोरा आहे. तो कौलून-कँटन रेल्वेच्या स्टेशनचा राहिलेला अवशेष. स्टेशन १९७५मध्ये हुंग होमला हलवलं, मनोरा लोकांनी राखला. आपण रेल्वेवाल्यांनी तिथे क्षणभर थांबावंच.

मेट्रोबद्दल मी बोलायला लागलो तर आरतीची वेळ होईल. एवढंच सांगतो, की जुन्या मार्गांचा गेज १४३२ मिलिमीटर आहे, आपल्या ब्रॉडगेजचा १६७६. आणि १९८०मध्ये बंदराखालून जो बोगदा झाला तो पोखरून नव्हे. काँक्रीटच्या नळ्या किनाऱ्यावर तयार केल्या, तरंगत आणल्या, समुद्रतळाच्या चरात बुडवून जोडल्या. हावड्याची मेट्रो २०२४ला हुगळीखालून धावू लागली, तो बोगदा मशीननं पोखरलेला. दोन्हीतून प्रवास करून पाहा. मात्र गाडीत खाऊ काढू नका, तिथे दंड होतो.

दुमजली ट्राम १९१२पासून चालू आहे. मागून चढायचं, पुढून उतरताना पैसे द्यायचे. वरच्या मजल्याचा जिना अरुंद आहे, आजोबांना खालीच बसवा. पीक टेकडीवर जायला पीक ट्रामची रांग मोठी असते. सेंट्रलहून पंधरा नंबरची बस तिथेच जाते आणि त्यात बसायलाही मिळतं.

लांटाऊ बेटावरच्या मोठ्या बुद्धाला २६८ पायऱ्या आहेत. गुडघेवाल्यांनी खालूनच दर्शन घ्यावं, मूर्ती ३४ मीटरची आहे, दिसते छान. तिथल्या पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं, तेही कांदा-लसणाशिवाय. चातुर्मास पाळणाऱ्यांची अशी सोय मुंबईतही सहज होत नाही! एरवी भारतीय जेवणासाठी नेथन रोडवर चुंगकिंग मॅन्शन्स. इमारत बघून काकू बिचकतील, पण आत पोळी-भाजी मिळते.

ऑक्टोबरअखेर हवा कोरडी असते. तरी वादळाचा बावटा लक्षात ठेवा. आठ नंबर लागला की लाँच बंद, दुकानं बंद, लोक घरी. नोव्हेंबर २०२४मध्येही तो लागला होता. तेव्हा परतीचं विमान आणि ड्यूटीवर हजर व्हायचा दिवस यांत एक दिवस मोकळा ठेवून रजा मागा.

तंबाखूची पुडी घरीच ठेवा. प्लगसाठी चौकोनी तीन पिनांचा अॅडॉप्टर घ्या. ज्यांना नोंदणीचे अर्ज भरायचे आहेत त्यांनी उद्या संध्याकाळच्या आरतीनंतर सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन मंडपात यावं, आपण बसून भरू.