शिबंदी

बंगळूरच्या विधान सौधात वावरणाऱ्या मराठी माणसाला कानडी पाट्या वाचता येऊ लागल्या, की एका विभागाचे नाव त्याला हमखास थांबविते. 'सिब्बंदी मत्तु आडळित सुधारणे इलाखे' असे ते नाव. आडळित म्हणजे प्रशासन, आणि सिब्बंदी म्हणजे आपलीच शिबंदी. मराठीत हा शब्द आता बखरींत आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांत उरला आहे. किल्ल्याच्या राखणीला किंवा महसुलाच्या वसुलीला ठेवलेले शिपाई, ती शिबंदी. कानडीत मात्र तो शब्द जिवंत राहिला आणि कचेरीतील समस्त सेवकवर्गाला लागू झाला.

शब्दाचा हा प्रवास गमतीचा आहे. परंतु त्यात एक इशाराही आहे. शिबंदी मोजावयाची असते. किल्ल्याला किती माणसे हवीत आणि किती हजर आहेत, एवढेच तिच्याबाबत विचारले जाते. सरकारी सेवकांविषयीची आपली चर्चादेखील बहुधा ह्याच दोन प्रश्नांवर थांबते : मंजूर पदे किती आणि रिकामी किती? पदावर जो बसला आहे त्याला ते काम येते काय, येत नसल्यास कोणी शिकविले काय, आणि येऊ लागल्यावर त्याला तेथे राहू दिले काय, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. ते नीट विचारण्याचे एक शास्त्र आहे आणि ते जाणणारी माणसे सरकारात हवीत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

ह्या विचाराला बंगळूर हे शहर फार सोयीचे आहे. विधान सौधाच्या समोर, रस्त्यापलीकडे, तांबड्या रंगाची एक जुनी इमारत आहे. ती १८६८ साली पुरी झाली. सरकारचे अठरा विभाग तेथे एकत्र आले म्हणून तिला 'अठरा कचेरी' हे नाव पडले. आज तेथे उच्च न्यायालय भरते. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याकडे परत आले आणि पुढे शेषाद्री अय्यर दिवाण असताना, १८९१ साली, म्हैसूरच्या मुलकी सेवेसाठी स्पर्धा-परीक्षा सुरू झाली. इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा त्या काळी केवळ लंडनमध्येच होत असे. ती भारतात होऊ लागली १९२२ पासून. हे ध्यानात घेतले, म्हणजे एका संस्थानाने टाकलेल्या ह्या पावलाचे मोल कळते. ओळख, वशिला आणि वाडवडिलांचा हक्क ह्यांच्या जागी उत्तरपत्रिका आली.

परंतु दार उघडे ठेवले म्हणजे सर्वांनाच आत येता येते असे नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या अक्षर पोचले नव्हते, त्यांच्या दृष्टीने हे दार बंदच होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या ह्याच जाणिवेने. म्हैसुरात १९१८ साली न्यायमूर्ती लेस्ली मिलर ह्यांची समिती नेमली गेली. सात वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निदान निम्म्या आणि खालच्यांपैकी निदान दोन-तृतीयांश जागा ब्राह्मणेतर समाजांकडे याव्यात, अशी शिफारस तिने केली. दिवाण विश्वेश्वरय्या ह्यांना हे धोरण मानवले नाही. त्याच वर्षी त्यांनी पद सोडले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे आपल्या परिचयाचा झालेला हा थोर पुरुष कार्यक्षमतेचा निस्सीम उपासक होता. आज मागे वळून पाहता, मिलर समितीचे म्हणणे न्यायाचे होते असे मला वाटते. आणि कार्यक्षमतेची विश्वेश्वरय्यांना वाटणारी काळजीही खोटी नव्हती. चूक झाली ती ही, की दोन्ही बाजूंनी सारा वाद दारापाशीच घातला. आत आलेल्या माणसाला पुढील तीस वर्षांत कसे घडवावयाचे, ह्याचा विचार तेव्हाही मागे पडला आणि पुढेही पडत राहिला.

माझ्याच अनुभवातील एक गोष्ट सांगतो. कचेरीचे नाव महत्त्वाचे नाही. एका तरुण अधिकाऱ्याला जमीन-मोजणीच्या नव्या पद्धतीचे शिक्षण घेण्यासाठी चार महिने पाठविले होते. तो परत आला आणि दोन महिन्यांतच त्याची बदली झाली. तीही गोदामांची देखरेख करणाऱ्या शाखेत. कोणाचा राग नव्हता, कोणाची शिफारसही नव्हती. एक जागा रिकामी होती आणि ज्येष्ठतेच्या यादीत त्याचे नाव वर होते. मी आस्थापना शाखेत विचारपूस केली. तेथील वृद्ध लिपिकाने सेवापुस्तक माझ्यापुढे ठेवले. जन्मतारीख, वेतनवाढी, रजेचा हिशेब, सारे बिनचूक होते. शिक्षणाची नोंद तेवढी नव्हती. "त्याला रकाना नाही, साहेब," तो म्हणाला. बदलीच्या टिपणावर माझीही सही होती. मीही नाव आणि क्रमांक एवढेच पाहिले होते. तिकडे त्या तालुक्यातील शेतकरी आपल्या पोटहिश्शाच्या मोजणीसाठी पुन्हा हेलपाटे घालू लागले.

ह्या रकान्याचा प्रश्न मोठ्या पातळीवरही विचारला गेला आहे, आणि योगायोग असा, की तो बंगळूरच्याच माणसांनी विचारला. विधान सौध उभारणारे मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या १९६७ साली केंद्राच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचे अध्यक्ष झाले. सेवकवर्गाच्या प्रशासनावरील आयोगाचा अहवाल १९६९ साली आला. वरिष्ठ पदांसाठी विशेष ज्ञानाची आठ क्षेत्रे त्याने आखली आणि त्यांपैकी एक क्षेत्र सेवकवर्ग-प्रशासन हेच ठरविले. माणसे सांभाळणे हे अर्थकारणाइतकेच किंवा संरक्षणाइतकेच शिकून घेण्याचे काम आहे, असा त्याचा अर्थ. सर्वज्ञ अधिकाऱ्याच्या कल्पनेवर इंग्लंडात फुल्टन समितीने कोरडे ओढले होते, ते १९६८ सालीच. १९७० मध्ये दिल्लीत स्वतंत्र सेवकवर्ग विभाग निघाला. पुढे २००५ साली दुसरा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष वीरप्पा मोइली, तेही कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री. त्यांच्या आयोगाने २००८ साली पुन्हा ह्याच विषयावर अहवाल दिला. चाळीस वर्षांनी तोच विषय नव्याने मांडावा लागतो, ह्यातच सारे आले.

काहीच झाले नाही असे मात्र नाही. महाराष्ट्राने २००५ साली बदल्यांचा कायदा केला. सर्वसाधारणपणे तीन वर्षे एका जागी ठेवावे असे त्यात म्हटले आहे. कर्नाटकाने २००७ च्या कायद्याने शिक्षकांच्या बदल्यांना नियमांची चौकट दिली. रिकाम्या जागा सर्वांसमोर ठेवून पसंती विचारण्याची रीत त्यातून रूढ झाली. सनदी अधिकाऱ्यांना किमान मुदत असावी आणि तोंडी हुकूम लेखी नोंदविले जावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. २०२० साली केंद्राने 'मिशन कर्मयोगी' हाती घेतले. पदासाठी कोणते ज्ञान लागते हे आधी ठरवून शिक्षण द्यावे, ही त्यामागील कल्पना. परंतु प्रत्येक नियमाला अपवादाचे कलम असते. कारण लेखी नोंदवून मुदतीपूर्वी बदली करता येते, आणि कारण लिहिणे हे आम्हा सरकारी माणसांना कधीच कठीण गेलेले नाही.

कोणी म्हणेल, मग खाजगी कंपन्यांप्रमाणे सरकार चालवा. ते मला मान्य नाही. कंपनीला नफ्याचा आकडा असतो. अंगणवाडीला, तहसिलीला तो नसतो. नोकरीची जी सुरक्षितता आळशाला पोसते, तीच प्रामाणिक माणसाला 'नाही' म्हणण्याचे बळ देते; तिला हात लावताना शंभरदा विचार करावा. मला हवे आहे ते याहून साधे आहे. आस्थापना शाखेत बसणाऱ्याला त्या कामाचे शिक्षण असावे. प्रत्येक पदाला कोणते ज्ञान लागते ते लिहिलेले असावे आणि प्रत्येक सेवकाजवळ कोणते आहे तेही लिहिलेले असावे. गोपनीय अहवालातील 'चांगला' आणि 'अतिशय चांगला' ह्या शेऱ्यांऐवजी, वर्षभरात त्याने काय शिकले व कोठे अडले हे समोर बसून बोलले जावे. आणि बदलीचा कागद पुढे येताच सही करणाऱ्याने एवढेच विचारावे, की ह्या माणसाच्या जाण्याने कोणाचे काम अडणार आहे?

विधान सौधाच्या दर्शनी भागावर, सरकारचे काम हे देवाचे काम, अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. त्यांच्याखालून जाताना मला त्या वृद्ध लिपिकाची आठवण होते. तो निवृत्त होण्यापूर्वी आम्ही सेवापुस्तकात एक पान जोडले आणि त्याने स्वतःच्या वळणदार अक्षरात त्यावर पहिली नोंद केली. तरुण अधिकाऱ्याला मोजणीच्या कामावर परत आणण्यास त्यानंतर एक वर्ष लागले.