मास्कमधून निसटणारी हवा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला ‘आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मी डॉक्टर नाही. आमच्या घरात रोज रात्री जे करावं लागतं, तेवढंच सांगते : सासूबाईंच्या बायपॅपचा मास्क बसवणं.

आईंनी कधी विडी ओढली नाही. पण लग्नानंतरची चाळीस वर्षं चुलीपुढे गेली. चुलीच्या धुरानेही सीओपीडी होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, त्यात हा धूर मोठं कारण म्हणून येतो. अशा फुप्फुसांत कार्बन डायऑक्साइड साठतो. तो बाहेर पडायला बायपॅप मदत करतं. श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी. मास्क नीट बसला नाही तर तो दाब पोचतच नाही. मशीन रात्रभर चालतं आणि सकाळी डोकं जड, माणूस गुंगीत. हाक मारून नीट जाग येत नसेल तर मास्कशी खेळत बसू नका, १०८ ला फोन करा.

सगळी गळती वाईट नसते, हे आधी लक्षात घ्या. मास्कला किंवा नळीच्या जोडाला बारीक भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, सोडलेला श्वास तिथून जातो. आवाज येतो म्हणून त्यावर चिकटपट्टी लावाल तर जिवावर बेतेल. वाईट गळती ती कडेची. नाकाच्या दांड्याजवळून हवा डोळ्यांत जाते, सकाळी डोळे लाल आणि कोरडे.

यावर घरोघरी एकच उपाय : पट्टा आवळा! त्याने रबराची कड चेपते, हवा जास्तच निसटते, वर नाकावर जखम. माणूस आडवा झाल्यावर, मशीन चालू करून, मास्क जरासा उचलून परत टेकवायचा, मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे करायचे.

बाकी कारणं आपल्या घरातलीच. अंबाड्यावरून पट्टा घसरतो, म्हणून रात्री सैल वेणी. झोपताना चेहऱ्याला तेल नाही, आणि कड रोज सौम्य साबणाने धुवायची. कवळी काढल्यावर गाल आत जातात, म्हणून झोपताना ती काढत असाल तर माप तसंच घ्या. आईंचं तोंड झोपेत उघडं राहतं, म्हणून डॉक्टरांनी नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिला. चमकी मात्र काढणार नाही म्हणाल्या. ती कडेखाली येत नाही, राहू दिली. या मोठ्या मास्कमध्ये उलटी झाली तर धोका असतो. तो चटकन कसा काढायचा, हे घरातल्या पोरांनाही दाखवून ठेवा. मशीनला ऑक्सिजन जोडला असेल तर निरांजन, उदबत्ती दुसऱ्या खोलीत.

आता सोसायटीचं. लाइट गेली की आधी मास्क काढायचा, मग इन्व्हर्टर बघायचा, हा आमचा नियम. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते ते कळतं तरी. रात्रीची जाते ती न सांगता. इन्व्हर्टर किती पुरणार? आईंसारखी मशीनवरची आणखीही माणसं या इमारतींत असतील. लिफ्टच्या जनरेटरवरून अशा घरांना एक-एक पॉइंट मिळावा, खर्च आम्ही भरू. आणि कोणत्या फ्लॅटमध्ये मशीन आहे, त्याची यादी वॉचमनकडे असावी. तसा अर्ज आजच सेक्रेटरीसाहेबांच्या हातात दिला आहे.