आधी हिशोब, मग कॉलेजची वारी



घरात अकरावीतलं मूल असलं की वसंतातली सुट्टी कॉलेजं बघण्यात जाते. बॉस्टन झालं, फिलाडेल्फिया झालं, जमलं तर पिट्सबर्गही. डबे भरले जातात, टूरची नावनोंदणी होते. आज मला एवढंच सांगायचं आहे: गाडी काढायच्या आधी घरात पैशाचं बोला, आणि मुलांसमोर बोला.

आपल्याकडे म्हणतात, "तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू." त्यात माया असते. पण इथल्या अनेक नामांकित खाजगी कॉलेजांचा राहण्याजेवणासकट वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर गेला आहे. मुलगी कॉलेज बघून येते, मनानं तिथलीच होते. मार्चअखेर प्रवेशाचं पत्र येतं, आणि तेव्हा आई-बाबा म्हणतात, "एवढं झेपणार नाही गं." कॉलेजनं हो म्हटलं, नाही म्हटलं ते घरानं. हे तिला वर्षभर आधी कळलं असतं, तर तिनं यादीच वेगळी केली असती.

तो अंदाज आधी मिळतो. 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' हे साधन जवळजवळ प्रत्येक कॉलेजला कायद्यानं २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर ठेवावं लागतं. टॅक्स रिटर्न आणि बचतीचे आकडे घेऊन बसा. आपल्याला प्रत्यक्ष किती पडेल, याचा अंदाज साधारण अर्ध्या तासात येतो. छापील किंमत पाहून घाबरू नका, आणि निर्धास्तही होऊ नका. एमआयटीत २०२५ पासून, वर्षाला २ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या घरातल्या मुलांना ट्यूशन माफ आहे. उलट परराज्यातलं सरकारी विद्यापीठ स्वस्त वाटतं आणि शेवटी महाग पडू शकतं.

आपल्या घरांपुरत्या दोन गोष्टी. पहिली, पुण्यातला फ्लॅट. सरकारी मदतीच्या फॅफ्सा अर्जात राहतं घर आणि निवृत्तीची खाती धरत नाहीत, पण दुसरं घर धरतात, मग ते भारतात का असेना. दुसरी, व्हिसा. एच-४ वरच्या मुलांना फॅफ्सातून केंद्र सरकारची मदत मिळत नाही, आणि काही कॉलेजं त्यांना परदेशी विद्यार्थ्यांत मोजतात. कॅल्क्युलेटर बहुधा नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांचा विचार करून बनवलेला असतो. म्हणून अशा घरांनी प्रत्येक कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर मागावं.

'अर्ली डिसिजन'नं अर्ज करायचा असेल, तर हा हिशोब झाल्याशिवाय सही करू नका. प्रवेश मिळाला की तिथंच जायचं, असं ते वचन असतं.

आता भेट. विमानाची तिकिटं काढण्याआधी कॉलेजचा 'कॉमन डेटा सेट' उघडा. त्यात सी-७ नावाचा तक्ता असतो. अर्जदारानं दाखवलेल्या उत्सुकतेला कॉलेज महत्त्व देतं का, हे तिथं लिहिलेलं असतं. एमआयटी किंवा कॅलिफोर्निया विद्यापीठ ती बघत नाहीत, त्यामुळे केवळ हजेरी लावायला तिकडे जाऊ नका. कॉलेजचे प्रकार समजून घ्यायला घराजवळचं एक मोठं विद्यापीठ आणि एक छोटं कॉलेज पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

शक्यतो वर्ग चालू असताना जा. परवानगी असेल तर एका तासाला बसा, तिथल्या खानावळीत जेवा. आणि टूरमध्ये आपण पालकांनी थोडं गप्प राहावं. "इथून गूगलमध्ये किती जण लागतात?" असं आपण विचारलं, की आपलंच मूल दोन पावलं मागं सरकतं. त्याला विचारू द्या: कोणते वर्ग लगेच भरतात? एखादा विषय जड गेला तर मदत कोण करतं? शनिवार-रविवारी इथं किती मुलं थांबतात? परतताना गाडीत आधी त्याला बोलू द्या.

तेव्हा येत्या शनिवारी जेवणं झाली की कॉम्प्युटर टेबलावर घ्या. मुलाच्या यादीतली तीन कॉलेजं निवडा, आणि आकडे त्यालाच भरू द्या. आपल्या घराचा हिशोब कळण्याइतकं ते मोठं झालं आहे.