मुलाच्याच शब्दांत
(मळवली येथील व्याख्यान)



पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. वय अवघे १४. सोसणारीनेच मांडल्यामुळे ते दुःख नशीब न राहता अन्याय ठरले.

अत्याचार सोसलेले मूलही ‘माझेच चुकले’ असे मानून बसलेले असते. विश्वासाच्या माणसापाशी ते बोलू लागते, तेव्हा दोष कोणाचा हे त्याला उमगू लागते. आलोचना स्वतःच्या दोषाची असते. हे कथन तसे नव्हे. २०१२ चा पॉक्सो कायदाही जबाब मुलाने सांगितला तसाच नोंदवण्यास सांगतो.

मळवली असो वा मुंबई, घरात मात्र प्रथम ‘कुठे बोलू नकोस’ असेच बजावले जाते. आणि बजावणारे बहुधा मायेचेच माणूस असते.