कारखान्यातील संगणक आणि वेळेचे भान



बडोद्याजवळ कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला. अशा कारखान्यांतील भट्ट्या, पंप व व्हॉल्व्ह आज संगणकाच्या आज्ञेने चालतात. आपल्या घरांतील जी मुले ह्या आज्ञा लिहावयास शिकत आहेत, त्यांनी आराखड्याची पद्धत कशी निवडावी, एवढाच माझा विषय आहे.

पेढीच्या हिशेबाचे उत्तर घटकाभर उशिरा आले तरी चालते. बॉयलरचे तसे नाही. बर्नरची ज्योत विझली की इंधनाचा व्हॉल्व्ह काही सेकंदांत मिटलाच पाहिजे. तेथे उशिरा आलेले बरोबर उत्तरही चूकच होय. म्हणून पहिला प्रश्न असा की, ह्या पद्धतीने काढलेल्या आराखड्यात वेळ दिसते काय?

माहिती कोठून कोठे जाते हे दाखविणारा आलेख समजावयास सोपा, पण त्यात मुदत दिसत नाही. डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ साली मांडलेल्या अवस्था-आलेखात यंत्र कोणत्या स्थितीत आहे व कोणत्या घटनेने दुसरीत जाईल हे कळते. बॉयलर पेटविण्याच्या क्रमास तो फार सोयीचा. एकाच संगणकाकडे ठरावीक अंतराने येणारी अनेक स्वतंत्र कामे असतील, तर ल्यू व लेलँड यांचा १९७३ चा नियम पाहावा. ज्याची पाळी लवकर लवकर येते त्या कामास अग्रक्रम द्यावा आणि एकंदर भार सुमारे ६९ टक्क्यांच्या आत ठेवावा. म्हणजे प्रत्येक काम पुढील पाळीपूर्वी पुरे होते.

परंतु माणसाची वेळही मोजली पाहिजे. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन २६ जण जखमी झाले. एक व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद असता नियंत्रणयंत्रणा तो उघडा असल्याचे दाखवीत होती, आणि अखेरच्या अकरा मिनिटांत चालकांपुढे २७५ इशारे आले. इतके इशारे वाचून निर्णय कोण घेऊ शकेल? दिलेली आज्ञा व व्हॉल्व्हची खरी स्थिती आराखड्यात निरनिराळी दाखवावी आणि महत्त्वाचे इशारे वेगळे काढावेत, हा त्यातील धडा.

तेव्हा तरुण मित्रांनो, पद्धतीचे नाव पाहण्यापूर्वी कागदावर चार रकाने आखा: काम कोणते, मुदत किती, चुकल्यास हानी काय, आणि त्या वेळी तेथे उभ्या असलेल्या माणसाने काय करावयाचे. हे चारही रकाने जिच्या साह्याने भरता येतील ती पद्धत घ्या. एकीने न भागल्यास दोन घ्या. त्या भट्टीपाशी कोणाच्या तरी घरचा माणूस कामावर असतो.